भाऊंच्या गाडीचे शून्य ते साठ

रविवार, २४ डिसेंबर २०२३, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. जळगावहून धुळ्याकडे जाताना महामार्गाच्या कडेला तेव्हा एक रस्ता होता. बांधून पूर्ण झालेला, पण वाहतुकीसाठी न उघडलेला. त्याच्या अर्ध्या रुंदीवर कोणीतरी मका वाळत घातला होता. उरलेल्या अर्ध्यावर आमची पांढरी गाडी उभी होती. चालकाच्या जागेवर भाऊ, शेजारी मी, मागच्या सीटवर आई. समोरच्या काचेवर बसवलेल्या माझ्या फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत शून्य दिसत होते.

भाऊ म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडिलांना भाऊ म्हणण्याची पद्धत आहे. पुण्यात नोकरीला लागल्यावर मला ती कित्येकदा समजावून सांगावी लागली.

"सोडू का?" भाऊंनी विचारले.

"हिरवं झालं की."

"इथं कुठंय सिग्नल?"

"फोनवर, भाऊ. उपग्रह सापडले की ती पट्टी हिरवी होते."

मागून आई म्हणाली, "ग्रह बघूनच निघायचं होतं, तर गुरुजींना विचारलं असतं. थंडीत इथं येऊन बसायचं कारण काय?"

कारण तिलाही ठाऊक होते. ही गाडी घरात राहणार की पाचोऱ्याला जाणार, हे त्या दिवशी ठरायचे होते.

गाडी घरी आली तेव्हा मी सातवीत होते. तिची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपत आली होती. तपासणी करून ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची, की गाडी विकून मोकळे व्हायचे, यावर दिवाळीपासून चर्चा चालू होती. नाशिकला राहणाऱ्या माझ्या दादाचे मत स्पष्ट होते. इंजिन बसले आहे. सिग्नलला गाडी सुटत नाही, मागचे हॉर्न मारतात, चौपदरी रस्त्यावर ट्रकसुद्धा ओलांडून जातात. गॅरेजवाल्याने बॉनेटला कान लावून मान हलवली होती आणि ती मान दादाने पुरावा म्हणून मांडली होती. आई दादाच्या बाजूची होती. दादाच्या ओळखीतल्या पाचोऱ्याच्या एका शिक्षिकेला जुनी, लहान, पेट्रोलची गाडी हवी होती. भाऊ मात्र हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. गाडीचा विषय निघाला की ते उठून बाहेर जात आणि फडक्याने तिची काच पुसत. यावरून आम्ही सर्वांनी एकच निष्कर्ष काढला होता: त्यांचा जीव तिच्यात अडकला आहे.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत अंशांकनाचे काम करते. मोजणारी यंत्रे खरे मोजतात की नाही, हे तपासण्याचे. त्यामुळे मतांच्या या गदारोळात मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक प्रस्ताव ठेवला: गाडी मोजू. फोनमध्ये एक ॲप घेतले की उपग्रहांच्या आधारे गाडीचा वेग सतत नोंदला जातो. शून्यापासून ताशी साठ किलोमीटर गाठायला किती सेकंद लागले, ते समजते. नवी असताना या बनावटीची गाडी सात-आठ सेकंदांत साठ गाठते, असे वाचायला मिळाले होते. वयाची सूट धरून आम्ही मर्यादा बारा सेकंदांची ठेवली. बाराच्या आत आली तर गाडी राहील, बाराच्या पुढे गेली तर पाचोऱ्याला फोन जाईल. दादाला हे फारच पटले. "तुझ्या लॅबचा शिक्का म्हणजे प्रश्नच मिटला," तो फोनवर म्हणाला. भाऊ म्हणाले, "तू मोजशील ते मला मान्य."

गाडी राहावी अशी माझी इच्छा होती. मोजणाऱ्याच्या मनात इच्छा असली की आकडे कसे वाकतात, हे मला व्यवसायाने माहीत आहे. म्हणून मी नियम अधिकच कडक केले. वाऱ्याचा आणि उताराचा परिणाम जावा यासाठी प्रत्येक फेरी जाऊन आणि येऊन करायची. टायरमधली हवा आदल्या दिवशी तपासायची. आणि वजन नेमके हवे, कारण त्यावरून ते ॲप इंजिनाच्या शक्तीचाही अंदाज करते.

वजनासाठी शनिवारी संध्याकाळी आम्ही गाडी जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर नेली. कपाशीने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत आमची गाडी एखाद्या चुकून आलेल्या पाहुण्यासारखी दिसत होती. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून वाकून पाहिले.

"भाऊ, माल कुठंय?"

"माल नाही. गाडीचंच वजन करायचंय."

"भंगारात देताय का?"

भाऊंच्या आधी मीच घाईने म्हणाले, "नाही, परीक्षा आहे तिची."

"मग उपाशीपोटी न्या," तो म्हणाला आणि आकडा वाचून दाखवला.

रात्री मी इतर वजने ॲपमध्ये भरत होते. दुसऱ्या दिवशी धुळ्याला माझ्या मोठ्या काकांच्या शेतात भरताचा बेत होता आणि वांगी आम्ही नेणार होतो. ती वीस किलो. भाऊ सत्तर. मी पंचावन्न. "आई, तू?"

"माझं सोड."

"ॲपला लागतं."

"ॲपला सांग, गाडीत तीन माणसं आहेत. त्यानं अंदाज बांधावा."

मी साठ लिहिले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "जास्त लिहिलंस."

"मग किती लिहू?"

"ते मी सांगणार नाही. पण जास्त लिहिलंस."

तर ती पट्टी हिरवी झाली. भाऊंनी गाडी सोडली. माझ्या लहानपणी ही गाडी निघाली की पोटात एक हलका झोका बसत असे. या वेळी ती संथपणे, लांबण लावत निघाली. पडद्यावरचा वेग वाढत गेला, साठला टोला वाजला आणि आकडा स्थिर झाला: १४.२. परतीच्या फेरीला १४.६. पुढच्या दोन फेऱ्यांनी काही वेगळे सांगितले नाही. चालकाच्या सवयीचा परिणाम तपासण्यासाठी मग मी स्वतः स्टीअरिंग हातात घेतले. पुण्यात मी स्कूटर चालवते. चारचाकी म्हणून मी आयुष्यात हीच एक चालवली आहे. माझ्याही चार फेऱ्या झाल्या. भाऊंची सरासरी १४.३, माझी १४.१.

दोन वेगळे चालक, आठ फेऱ्या आणि आकड्यांत जेमतेम दशांशांचा फरक. प्रयोगशाळेत असा निकाल समोर आला असता, तर मी समाधानाने सही केली असती.

"किती?" भाऊंनी विचारले.

"चौदाच्या वर."

"हं." त्यांनी रस्त्याकडे पाहिले. मक्याच्या कडेने एक कुत्रे सावकाश चालले होते. "लिहून टाक मग दादाला."

"संध्याकाळी कळवते," मी म्हणाले.

धुळ्याकडे निघताना आई पुढे बसली. एरंडोल गेले, पारोळा गेले. मी मागच्या सीटवर बसले होते आणि माझ्या मांडीशेजारी सीटकव्हरवरचा तो काळपट डाग होता. दहावीच्या सुट्टीत चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यातून केळीचा एक घड डिकीत मावला नाही, म्हणून मी तो मागे, मांडीवर घेऊन बसले होते. केळीचा चीक सुकल्यावर काळा होतो आणि मग कशानेही जात नाही. आई आठवडाभर रागावली होती. भाऊ एवढेच म्हणाले होते, "राहू दे, सीट आपलीच आहे हे कळेल."

या गाडीने मला जवळपास प्रत्येक परीक्षेला नेले. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा नाशिकला होती. पहाटे निघालो, भाऊंनी मला केंद्राच्या फाटकाशी सोडले आणि समोरच्या निंबाखाली गाडी लावली. तीन तासांनी बाहेर आले, तेव्हा चारही दारे उघडी, भाऊ मागच्या सीटवर आडवे, पाय दाराबाहेर. मला बघून ते उठले, पेपर कसा गेला हे विचारलेच नाही आणि म्हणाले, "ऊस प्यायचा का रस?" मग स्वतःच हसले. भीतीने शब्दांची उलटापालट त्यांचीच झाली होती. त्या दिवसापासून आमच्या घरी कोणाची परीक्षा असली की "ऊस प्यायचा का रस" असे विचारतात.

अशा गोष्टींना एकक नसते आणि म्हणून मी त्यांना त्या सकाळी हिशेबातून वगळले होते. मागच्या सीटवर बसल्यावर मात्र त्या एकेक करून परत येऊन बसल्या.

आबांचे, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचे, शेत धुळ्याच्या बाहेर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा पऱ्हाट्यांचा जाळ पेटलेला होता. कपाशीच्या या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला जो धुरकट वास येतो, तो पुण्यात गॅसवर काही केल्या येत नाही. वांगी जाळात गेली आणि आबांनी मोर्चा आमच्याकडे वळवला. भाऊ आणि ते एकाच घरात वाढले, पण भाऊ जळगावला स्थिरावले आणि त्यांची बोली शहरी झाली. आबांनी आपली अहिराणी तसूभरही सोडली नाही. मी त्यांची पुतणी, पण ते मला आंडेर, म्हणजे मुलगीच म्हणतात.

"मग, मन्ही आंडेरनी गाडीनी परीक्षा लिधी म्हने? काय निकाल लागना?"

"नापास," भाऊ म्हणाले.

"गाडी नापास का तू नापास?"

सगळे हसले. आबांना जोर चढला. गाडीच्या नंबरपाटीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "एकोणीसनी गाडी शे. अठराना रस्तावर लाजस ती." जळगावच्या गाड्यांचा क्रमांक एकोणीसने सुरू होतो, धुळ्याच्या अठराने, या एका आकड्यावरून दोघा भावांची गेली पंधरा वर्षे जुंपत आली आहे.

"आबा, हसू नका, बघा तरी," असे म्हणून मी फोनवरचा आलेख त्यांच्यासमोर धरला. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्या अक्षावर वेग. शून्यापासून साठपर्यंत चढत जाणारी रेघ.

"हाई काय शे व? घाट शे का?"

"वेग आहे. इथं गाडी थांबलेली, इथं साठ. आणि ही मधली सपाट पायरी आहे ना, इथं गिअर बदलला. क्लच दाबला की क्षणभर वेग वाढत नाही."

"मग दुसरी पायरी कोठे शे?"

"दुसरी..." मी बोट पुढे सरकवले आणि थांबले.

दुसरी नव्हती. साठपर्यंत जाताना भाऊ दोनदा गिअर बदलणार, पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात; म्हणजे रेघेवर दोन पायऱ्या हव्यात. मी आठही आलेख उघडले. प्रत्येकात एकच पायरी होती, चाळिसाच्या आसपास. प्रथम वाटले, ॲपच्या नोंदी विरळ असतील आणि एक पायरी निसटली असेल. पण आठही वेळा तीच कशी निसटेल? आणि माझ्या स्वतःच्या चार फेऱ्यांत? मी डोळे मिटून गाडी सोडण्याची कृती आठवू लागले. माझा डावा हात हवेत उठला आणि डावीकडे जाऊन मागे आला. पुढे गेलाच नाही.

"भाऊ," मी विचारले, "तुम्ही गाडी कितव्या गिअरमध्ये उचलता?"

"दुसऱ्या."

"पहिल्यात का नाही?"

भाऊंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पाणी कशाने पितात हे विचारले होते. "पहिला नांगराचा."

"मग!" आबा म्हणाले. "पहिलामा काय रस्ता नांगरना शे?"

मी हसू लागले आणि मला थांबता येईना. आई म्हणाली, "हिला काय झालं?" पण त्या दोघा भावांच्या चेहऱ्यावर खरोखर प्रश्नचिन्ह होते. त्यांच्या दृष्टीने मला काहीच सापडले नव्हते.

दोघेही गाडी शिकले ते मळ्यातल्या सामाईक ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवर निघण्यापूर्वीच काम पाहून गिअर टाकतात. खोल नांगरटीला सर्वांत खालचा; रस्त्याने रिकामे जायचे असेल तर तो कोणी हातातही घेत नाही. शिवाय आमची जमीन काळी. पाऊस पडून गेलेल्या काळ्या वाटेवर पहिल्या गिअरचा जोर लागला की चाक जागीच फिरते आणि स्वतःचा खड्डा करून त्यात बसते. दुसऱ्यात हळूच उचलले तर निघते. पुढे ट्रॅक्टरऐवजी कार आली, काळ्या वाटेऐवजी डांबर आले, पण हाताने आपला नियम पाळला. इंजिन बिचारे दुसऱ्या गिअरमध्ये सर्व भार ओढत राहिले, आणि गावातल्या रस्त्यावर चार गाड्या असताना कोणाच्या ते लक्षात आले नाही. रस्ता चौपदरी झाला, सिग्नल आले, शेजारी नव्या गाड्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा मागचे हॉर्न वाजू लागले.

आणि मला गाडी शिकवली ती भाऊंनीच. बारावीनंतरचा उन्हाळा, मळ्याची वाट, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आणि माझ्या पायाखाली एकदाचा तो क्लच. तीन वेळा गाडी बंद पडली, तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले होते, "पहिला विसर. आपण काय नांगरायला निघालो का? हे बघ, इकडं, असं मागं." माझ्या हातावर त्यांचा हात होता. चौथ्या वेळी गाडी निघाली आणि वाटेवरून धूळ उठवत विहिरीपर्यंत गेली. मला आनंदाने ओरडायचे होते, पण भाऊ सरळ पुढे बघत होते म्हणून मीही पुढे बघितले. त्या दिवसापासून मी ही गाडी शेकडो वेळा उचलली असेन, पहिल्या गिअरची आठवणही न होता. तो हात माझ्या हातावरून कधी उठलाच नव्हता.

एकाच चुकीच्या वजनाने जुळवलेले दोन तराजू एकमेकांशी नेहमी जुळतात. हे वाक्य मी नव्या लोकांना कामावर घेताना पहिल्याच दिवशी सांगते. त्या सकाळी माझे दोन्ही चालक एकाच शाळेतले होते आणि हे माझ्या ध्यानातही आले नाही.

भरीत झाले, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी झाली, आबांचे आणखी टोमणे झाले. निघताना आबांनी दादर ज्वारीचे पोते डिकीत टाकायला घेतले. मी म्हटले, बरोबर वीस किलो द्या, वांग्यांच्या जागी. "खाले देस का तोलाले?" आबा म्हणाले, पण त्यांनी तोलून दिले.

संध्याकाळी पावणेपाचला आम्ही पुन्हा त्या रस्त्यावर होतो. मक्याची रास लावणे चालू होते. बाजूने धुळीचा सोनेरी थर हवेत तरंगत होता. भाऊ चालकाच्या जागेवर बसले आणि त्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

"पुढे," मी म्हणाले. "डावीकडे आणि पुढे."

"माहितीये गं." त्यांनी दांडा पुढे ढकलला. गाडी पहिल्यांदा धक्का देऊन बंदच पडली. दुसऱ्यांदा ती उसळून निघाली आणि इंजिनाने उंच सूर लावला. भाऊंचा चेहरा आक्रसला.

"ओरडतेय ती."

"ओरडू द्या. त्रास नाही होत तिला."

"मला होतोय ना."

"भाऊ, आता दुसरा!"

मागून आई म्हणाली, "अहो, टाका की दुसरा, ती म्हणतेय तर! माझी मान गेली." दुसरा पडला, मग तिसरा. टोला वाजला. ९.८.

परत येताना ९.५. पुढच्या दोन फेऱ्यांत ९.६ आणि ९.४. प्रत्येक आलेखावर दोन पायऱ्या होत्या, स्वच्छ आणि समान. भाऊंनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. स्टीअरिंगवरचे हात मात्र त्यांनी काढले नाहीत.

"म्हणजे इंजिन चांगलं आहे."

"उत्तम आहे."

"खात्री?"

"चार फेऱ्या, भाऊ. जाऊन-येऊन."

"फेऱ्या नको सांगू. खात्री का, ते सांग."

"खात्री," मी म्हणाले.

मी दादाला फोन लावून आवाज मोठा केला. सर्व सांगितल्यावर दादा बराच वेळ हसला आणि म्हणाला, "म्हणजे मीपण दुसऱ्यातच उचलायचो की काय! नाशिकला आल्यावर गाडी शिकवणाऱ्यानं मला हातावर चापटी मारली होती, आत्ता कळलं का ते. ठीक आहे, बाराच्या आत म्हणजे बाराच्या आत. राहू द्या गाडी." मला इतका आनंद झाला की मी फोन बंद करायला विसरले.

"पाचोऱ्याच्या बाईंना उद्या बोलाव," भाऊ म्हणाले.

मागे आई हलली, एवढे ऐकू आले. फोनवर दादा म्हणाला, "कोणाला?"

"त्या शिक्षिका आहेत ना. उद्या नाताळची सुट्टी असेल त्यांना."

"भाऊ, पण गाडी पास झाली," मी म्हणाले. "राहणार असं ठरलं होतं आपलं."

"पास झाली म्हणूनच." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दोन वर्षं मला वाटतंय, इंजिन गेलं. गेलेलं इंजिन कोणाच्या गळ्यात मारू? त्या बाई रोज खेड्यावर शाळेत जाणार, एकट्या. वाटेत बंद पडली असती तर? म्हणून हो म्हणत नव्हतो."

"मग तसं सांगायचं ना आम्हाला," आई म्हणाली. "आम्हाला वाटलं, जीव अडकलाय."

"तो काय, अडकलेला आहेच." त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज तू तीन-तीनदा क्लच दाबायला लावलास. या गुडघ्याला आता ते होत नाही. एवढं लांब जायचं असलं की आदल्या रात्री तेल चोळून झोपतो मी. तुझ्या त्या आकड्यात हा येत नसेल ना?"

येत नव्हता. कामावर मी रोज उपकरणांच्या मर्यादा लिहून देते. ही मर्यादा मात्र मी कुठेच लिहिली नव्हती. बारा सेकंदांची मर्यादा ठरवताना मला वाटले होते की मी गाडी वाचवण्याचा मार्ग काढते आहे. प्रत्यक्षात मी भाऊंना ती द्यायला लागणारी खात्री मिळवून दिली होती. दादाने फोनवरून हळूच विचारले, "मग बोलावू का?" आणि भाऊ म्हणाले, "बोलव. आणि मला ते गिअर नसलेलं काही असेल तर बघ."

शिक्षिका दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने पाचोऱ्याहून आल्या. चाळिशीच्या, झपझप चालणाऱ्या, हातात कापडी पिशवी. भाऊंनी त्यांना गाडीभोवती फिरवून दाखवले. डावी मागची काच अर्ध्यावर अडते. हॉर्न मध्यावर दाबला तरच वाजतो. मागच्या सीटवरचा डाग केळीच्या चिकाचा आहे, अपघाताबिपघाताचा नाही; तो जाणार नाही. "जाऊ दे, राहू दे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडेही केळीच आहेत."

आम्ही त्याच रस्त्यावर गेलो. बाई चालकाच्या जागेवर, भाऊ शेजारी, मी मागे. भाऊंना त्या गाडीत परक्या चालकाच्या शेजारी बसलेले मी प्रथमच पाहत होते. मका उचलला गेला होता. काळ्या डांबरावर फक्त पिवळा भुगा राहिला होता.

"एक सांगू का बाई," भाऊ म्हणाले. "मी ही गाडी दुसऱ्यात उचलायचो. तुम्ही पहिल्यात उचला. माझ्या मुलीनं मोजून बघितलंय."

बाई हसल्या. "भाऊ, पहिल्यातच उचलतात ना?"

"हो, बाकी सगळे," भाऊ म्हणाले.

"आणि तुम्ही मागं काय करताय?" बाईंनी आरशातून मला विचारले.

"मोजतेय. तुम्ही नेहमीसारखी चालवा."

पट्टी हिरवी झाली. बाईंचा हात डावीकडे आणि पुढे गेला, अगदी सहज, आणि गाडी निघाली. पोटात तो हलका झोका बसला. पहिल्याचा उंच सूर उठला आणि या वेळी भाऊंचा चेहरा आक्रसला नाही. मला मागून त्यांचा डावा पाय दिसत होता. क्लच नसलेल्या जागी, रिकाम्या चटईवर तो प्रत्येक गिअरला थोडासा दबत होता. दुसरा. तिसरा. टोला वाजला. भाऊंनी मान मागे वळवून विचारले, "किती?" आणि मी पडद्यावरचा आकडा त्यांना वाचून दाखवला: ९.१ सेकंद.